गुलाबाईसमोर दोघी

मातीच्या गुलोजीची मान अजून ओली होती. वरून सुकल्यासारखी दिसायची, पण अंगठा टेकवला की आत मऊ लागायची, आणि तो मऊपणा बोटाला जाणवला की सारिकाला बरं वाटायचं — अजून वेळ आहे, अजून काही पक्कं झालेलं नाही... मानेचं की आणखी कशाचं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. वीतभर उंचीचा बुवा, मांडी घालून बसलेला, फेट्याविना अगदीच बापुडवाणा. धुळ्याच्या इंदिराबाईंकडे मांजराने आरास पाडली होती. गुलाबाई वाचली, तिच्या मांडीवरचं बाळ वाचलं, आणि नवऱ्याचं, गुलोजीचं, तेवढं मुंडकं उडालं. "बाई एकटीच बसलीये पाटावर, बघवत नाही," इंदिराबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "कोजागिरीच्या आत नवा गुलोजी पाठव बरं." एकटी बसलेली बाई बघवत नाही! मातीची असली की लोकांना बरी दिसते, असं सारिकाच्या मनात आलं होतं, आणि ती हो म्हणाली होती.

समोर मुक्ता भागाकार करत होती. म्हणजे वही उघडी होती, पेन्सिल हातात होती, आणि डोळे खिडकीतून बाहेर, कॉलनीच्या रस्त्यावर, जिथे या वेळी भाजीच्या गाडीशिवाय काहीच नसतं. नऊ वर्षांची पोर. तिसरं वर्ष चालू होतं या घरच्या शाळेचं — एक टेबल, त्याच्या निम्म्यावर पुस्तकं, निम्म्यावर गोणपाट आणि माती, मधे कुठलीच रेघ नाही. श्रावणात पोळ्याचे बैल, भाद्रपदात गुलाबाई, मग दिवाळीच्या पणत्या, उन्हाळ्यात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गौराई. ज्या महिन्यात जे काम, त्या महिन्यात त्याच्या कडेकडेने अभ्यास. तापीच्या उपनद्या मुक्ताने मातीत ओढल्या होत्या, गिरणा, वाघूर, पांझरा, सगळ्या बोटाने, आणि पूर्णेत पाणी ओतताना अख्खं टेबल भिजवलं होतं. अपूर्णांक शिकली ती मातीच्या गोळ्याचे तुकडे करून. बायका ऐकून म्हणायच्या, किती छान गं, आमच्याकडे नुसती घोकंपट्टी. सारिकाला ते आवडायचं, का नाही आवडणार? चांगलं केलेलं काम कुणी चांगलं म्हटलं तर माणूस काय रागावतं?

पण सकाळी तिचा नवरा, भूपेंद्र, दारात थांबला होता, हेल्मेट हातात धरून. पाइपच्या कारखान्यातली त्याची पाळी, एरवी तो दारात थांबत नाही. "शाळेतल्या मोठ्या बाईंशी बोललो मी," तो म्हणाला, "दिवाळीनंतर चौथीत बसवून घेतील. मला उद्या कळवायचंय. संध्याकाळी सांग तू. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण सांग." आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही धड. आणि गेटपाशी गाडी वळवता वळवता, जणू काही पेट्रोलचं विचारतोय अशा सुरात — "पोरीला नको आहे की तुला, तेवढं बघ."

तेवढं बघ म्हणे! सारिकाने पाण्याचा हात गुलोजीच्या पाठीवरून फिरवला. पहिलीत असताना पंधरवडाभर जी पोर वर्गात तोंड उघडत नव्हती, जिच्या बाई म्हणाल्या, ही बोलतच नाही, कुणाला तरी दाखवून घ्या, जी गेटचा गज धरून उभी राहिली ती सुटेना, तिला नको होतं की मला? तेव्हा नुकताच करोना सरला होता, पहिलीचं वर्ष संपता संपता शाळा उघडल्या होत्या, सगळ्याच पोरांचे चेहरे अर्धे झाकलेले, कोण हसतंय, कोण वेडावतंय, काही कळायचं नाही. मीच सोडवली तिची बोटं एकेक करून, मीच घरी आणली. म्हटलं, चार दिवस राहू दे घरात. घरी आल्या आल्या ती बोलायला लागली... इतकं बोलायला लागली की मी हातातलं काम सोडून ऐकत बसले. त्या दिवशी घर भरल्यासारखं वाटलं होतं.

चार दिवसांचे किती झाले, ते मोजायला सारिका कधी बसली नाही.

"मम्मी, मधली सुट्टी किती वाजता असते?"

"आपल्याकडे तुला हवी तेव्हा."

"नाही गं. शाळेत."

"का?"

"असंच." आणि मुक्ताने खाली मान घालून भागाकार सोडवला, पटकन, बिनचूक, जणू उत्तर मघापासून तयारच होतं आणि लिहायचं तेवढं राहिलं होतं.

दुपारी पाचोऱ्याकडून सासूबाईंचा फोन आला. सुंदरबाईंना फोनवरही मोठ्याने बोलावं लागतं असं वाटतं, गाव लांब आहे ना. "पोर काय करी ऱ्हायनी?"

"माती मळतेय माझ्याबरोबर, आई."

"माती मळी मळी शाळा होस का वं? पोरले पोरी लागतीस. दिवाईले धाडी दे मनाकडे, गल्लीमा बठ्ठ्या पोरी शेतस."

दिवाळीला पोरीला तिकडच्या पोरींत धाडायचं यावर सारिका बघू म्हणाली. बघू हा तिचा आवडता शब्द झाला होता अलीकडे. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि समोरचा मुकाट्याने फोन ठेवतो. सासूबाईंनी ठेवला नाही लगेच. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत राहिला, मग त्या हळू म्हणाल्या, "तू बी ये. एकली काय करशी तठे?" आणि सारिकाने माती वाळतेय असं सांगून फोन बंद केला.

माती खरंच वाळत होती. लताबाई आत्याने शिकवलेली माती — नरडाण्याकडच्या तिच्या गावात सारिका लहानपणी दर भाद्रपदात जायची. काळी माती चाळायची, भिजवायची, आणि कापूस पिंजून पिंजून तिच्यात कुटायचा, म्हणजे सुकताना तडकत नाही. "कापूस बठ्ठा टाक, हात आखडू नको," आत्या ओरडायची. साचा नाही, काही नाही. प्रत्येक गुलाबाईचं नाक वेगळं. आणि संध्याकाळी त्या अंगणात ही गर्दी! परकराच्या, फ्रॉकच्या, शेंबड्या, नटलेल्या, वीस-पंचवीस पोरी एका घरातून दुसऱ्या घरात जायच्या, प्रत्येक घरच्या गुलाबाईपुढे टिपऱ्या, गाणी, आणि गाणी संपली की त्या घरची बाई बंद डबा घेऊन यायची. ओळखा खाऊ! डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, सगळ्यांनी एकदम कल्ला करायचा, शेव, मुरमुरे, फुटाणे, बिबडे! ओळखला नाही तर त्या घराची शान. सारिका ओळखायचीच. वाजण्यावरून, वासावरून, बाईच्या चेहऱ्यावरून. पोरी तिला आपल्या बाजूला ओढायच्या, सारे, आमच्याकडे ये, सारे, आमच्याकडे... सारे म्हणून आता तिला कुणीच हाक मारत नाही.

ऊन उतरता उतरता समोरच्या बंगल्यातली ज्योती आली. तिच्याकडची गुलाबाई सारिकानेच घडवलेली. "वहिनी, मुक्ताला पाठवा ना आज. सगळ्या येतात माझ्याकडे, डझनभर पोरी होतात. रोज म्हणते मी."

"तिलाच नको असतं गं. विचार तूच."

ज्योतीने विचारलं. मुक्ताने आधी सारिकाकडे पाहिलं, मग ज्योतीकडे. "नको काकू. आमच्याकडे आहे ना गुलाबाई." आणि ज्योती गेल्यावर सारिकाला आतून जो गोड गरम आनंद झाला तो तिने लपवलाही नाही, पोरीच्या डोक्यावरून मातीचाच हात फिरवला. बघ म्हणावं भूपेंद्रला! कुणाला नको आहे ते बघ. संध्याकाळी काय सांगायचं ते तिथल्या तिथे ठरून गेलं — नाही. अगदी शांतपणे सांगायचं, त्याच्यासारखंच, आवाज न चढवता.

मन हलकं झालं तसं तिने शेंगदाणे भाजले, गूळ किसला, लाडू वळले. आजचा खाऊ. मुक्ता बाहेर गोणपाट झटकत होती. लाडू गरम होते म्हणून ताटात तसेच ओट्यावर ठेवले, पितळी डबा घासून पुसून जवळ ठेवला, तेवढ्यात इंदिराबाईंचा पुन्हा फोन. फेटा लालच करशील ना? आमच्याकडे लालच लागतो. मग कान-खांद्यात फोन दाबून एका हाताने हे, दुसऱ्याने ते, धुमसत्या सरपणासारखा तो फोन विझता विझेना. संपला तेव्हा दिवेलागण झाली होती. सारिकाने डब्याचं झाकण लावलं आणि तो पदराखाली घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात गुलाबाई बसली होती. मुक्ताने दिवा लावून ठेवलेला, फुलं वाहिलेली, पाण्याचा तांब्या भरून आणलेला. समोरून, ज्योतीच्या घरातून, टिपऱ्यांचा आवाज यायला लागला होता आणि त्यावर बारा तोंडांचं एक गाणं. दोघींनी आपलं गाणं सुरू केलं. सारिका मोठ्याने म्हणायची, समोरचं ऐकू येऊ नये म्हणून, मुक्ता तिच्या पाठोपाठ. पण कुठेतरी मधेच मुक्ताचा सूर सुटायचा आणि समोरच्या गाण्याच्या कडव्याला जाऊन मिळायचा, मग दचकून परत यायचा. तरी पाच गाणी झाली.

"ओळख खाऊ!" सारिकाने डबा वर धरला आणि हलवला.

काहीच वाजलं नाही.

तिने पुन्हा हलवला, जोरात. डबा हलका होता. इतका वेळ हाताला कसं कळलं नाही... लाडू ओट्यावर. लाडू ताटात तसेच ओट्यावर राहिले. तिला स्वतःचंच हसू फुटणार होतं, अगं बाई, मी रिकामाच डबा आणला, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि समोर मुक्ताने मान तिरकी केली, डोळे मिटले आणि अगदी लक्ष देऊन ऐकलं.

"चिवडा?" मुक्ता म्हणाली.

सारिकाच्या तोंडून "नाही" निघून गेलं, सवयीने.

"हलव ना परत." डबा हलला. दोघींनी ऐकलं. "शंकरपाळी? ... बिबडे? ... थांब थांब, फुटाणे!"

सारिकाने मान वळवली. इथे बसलं की स्वयंपाकघराचा ओटा सरळ दिसतो. ताटावर चाळणी पालथी घातलेली होती. तिने घातली नव्हती. पाण्याचा तांब्या भरायला गेलेल्या कुणीतरी, मुंग्या लागतील म्हणून, लाडवांवर चाळणी झाकली होती आणि बाहेर येऊन शहाण्यासारखं दिव्याजवळ बसलं होतं.

आणि मग एकेक संध्याकाळ मागून यायला लागली. कालचे भाजके हरभरे — घरभर वास सुटलेला, आणि मुक्ता म्हणत होती, मुरमुरे? केळ्याचे वेफर तर तिने स्वतः दुकानातून आणलेले. त्या आधी सांजोऱ्या, त्या लाटताना ती शेजारी बसून सारण चाखत होती. रोज किती वेळ लावायची ओळखायला! रोज कशी हरायची, कपाळावर हात मारून, आणि सारिका कशी टाळ्या पिटायची. लताबाईच्या अंगणातली सारे काही एवढी मठ्ठ नव्हती, तिची पोर तरी कशी असेल? खेळ लवकर संपला तर मम्मी उठणार, पुन्हा त्या मातीपाशी जाऊन बसणार, खिडकीकडे पाठ करून, पप्पा येईपर्यंत एक शब्द न बोलता... हे पोरीने कधी पाहिलं? किती दिवसांपासून पाहतेय? दुपारी ज्योतीला नको म्हणण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं होतं. परवानगीसाठी नव्हे. आजारी माणसाला सोडून जाण्याआधी घरातलं कुणी बघतं ना, याला चालेल का म्हणून, तसं.

मी तिला सांभाळतेय असं जगाला सांगत होते मी. आणि ही पोर गेटचा गज सोडून घरी आली ती मला सांभाळायला लागली.

सारिकाला इतकी लाज वाटली की दिव्याकडेही बघवेना, आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, भीती होती — ही गेली तर दुपारच्या वेळी या घरात नेमकं कोण असेल. ही भीती नवी नव्हती. तिचं नाव तेवढं आज पहिल्यांदा कळत होतं.

"हरलीस?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिचा हात झाकणाकडे गेला. आता उघडायचं, दाखवायचं, हसायचं, पोरीला कुशीत घ्यायचं आणि म्हणायचं, जा, समोर जा, पळ...

मुक्ताचा तळवा तिच्या आधी झाकणावर पडला. छोटा, गार, नखांत काळी माती असलेला. "उघडू नको ना," ती घाईने म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत आता खेळ नव्हता, नुसती धडपड होती. "मी ओळखते. अजून ओळखते मी. तू हलव."

गेटपाशी भूपेंद्रची गाडी थांबल्याचा आवाज आला. समोरच्या घरात टिपऱ्या थांबल्या होत्या आणि बारा पोरी एकदम कल्ला करत होत्या, शेव, मुरमुरे, लाडू. त्या ओरडण्याकडे मुक्ताचा एक कान गेलेला सारिकाला स्पष्ट दिसला, आणि तो तिने परत ओढून आणलेलाही दिसला. नाही म्हणायचं ते दुपारी ठरलं होतं. आता ते शब्द कुठे गेले, सापडेनात. हो सुद्धा सापडेना. झाकणावर दोघींचे हात होते, एकावर एक, आणि कुणी कुणाचा धरलाय ते सारिकाला सांगता आलं नसतं.

पायऱ्यांवर बूट वाजले. "हलव ना, मम्मी," मुक्ता म्हणाली.