चित्रातल्या बंदुकीचा चाप

क्रॅन्डल चित्रकार अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या गावात राहायला आला, त्याला एकवीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात निम्मं गाव त्याच्या चित्रांत जाऊन बसलं होतं. खाटीक सेनापती झाला होता, शाळेचा शिपाई दोनदा पाद्री झाला होता. लुएला स्टॅनार्ड तेवढी राहिली होती. वाचनालयाच्या माडीवरची गावाच्या जुन्या वस्तूंची खोली ती सांभाळायची. कोटाला बटणं किती, कंदील कुठल्या घडणीचा, हे क्रॅन्डल तिला विचारी. चेहरे मात्र दुसऱ्यांचे घेई.

या वेळचं चित्र स्वातंत्र्ययुद्धातल्या, सतराशे सत्त्याहत्तरच्या लढाईच्या सकाळचं होतं. दारात उभी असलेली आई मुलाच्या हाती बंदूक देते आहे. हकिगत लुएलाच्याच घराण्यातली. तिनंच ती क्रॅन्डलला सांगितली होती, घरातली जुनी लोकरी शालही नेऊन दिली होती. शाल त्यानं ठेवून घेतली आणि निरोप धाडला एर्मा ब्रिग्जला.

एर्मा गावचं पोस्ट बघायची. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या.

"अगं, मी म्हटलं त्यांना, लुएलाला बोलवा, घराणं तिचं," एर्मा खिडकीतून तिकिटं देत म्हणाली. "तर म्हणे, तुमचाच चेहरा हवा. दोन तास उभं केलं मला! आणि ती शाल काय टोचते गं! तुमच्या घरातल्या बायका सोसायच्या कशा?"

"गप्प बसून," लुएला म्हणाली.

मागं उभा असलेला दूधवाला हसला. "एर्माबाई, आता तिकिटावरही तुमचाच चेहरा छापायला सांगा."

घरी येऊन लुएला आरशासमोर उभी राहिली. कपाळ, नाक, हनुवटी, एकेक करून तपासलं. एर्माच्या चेहऱ्यात जास्तीचं काय होतं, ते तिला सापडलं नाही.

क्रॅन्डलची चित्रं एका मासिकाच्या मुखपृष्ठावर छापली जात. चित्र मासिकाकडे रवाना करण्याआधी क्रॅन्डल लुएलाला बोलावून घेई. तिला चित्रासमोर एकटीला बसवून स्वतः कॉफी करायला जाई. मासिकाचे वाचक भारी चिकित्सक. फार पूर्वी घोड्याच्या एका चुकीच्या रिकिबीवरून चारशे पत्रं आली होती. लुएला चित्रं तपासू लागल्यापासून एकही आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ती अशीच जाऊन बसली. आईचे हात पुढं झाले होते, मान मात्र मागं राहिली होती, आणि डोळे मुलावरून हलत नव्हते. एर्माचा थोरला सहा महिन्यांपासून कोरियाच्या लढाईवर होता. लुएलाला मूलबाळ नव्हतं. ही भीती तिला उसनी आणता आली नसती. क्रॅन्डलनं एर्माला का बोलावलं ते तिला कळलं, आणि कळल्यावर मनातली जळजळ उलट वाढलीच.

मग तिची नजर बंदुकीवर गेली. ती एर्माच्या नवऱ्याच्या घरातली होती, चुलीच्या वर भिंतीला टांगलेली असायची. त्या काळच्या बंदुकीच्या वरच्या चापात ठिणगी पाडायला गारगोटी हवी. या चापाखाली स्फोटक टोपी बसवायची बोंडी होती. तसल्या टोप्या निघाल्या लढाईनंतर चाळीसेक वर्षांनी. क्रॅन्डलनं समोरची वस्तू हुबेहूब उतरवली होती.

कॉफी घेऊन तो आत आला. "काही खटकतंय, मिस स्टॅनार्ड?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं जिथल्या तिथं आहे."

जुलैच्या अंकाच्या मुखपृष्ठावर चित्र छापलं गेलं. पंधरा दिवसांत क्रॅन्डलच्या नावानं पत्रांच्या थैल्या येऊ लागल्या. थैल्या उतरवून घेताना एर्मा लुएलाला म्हणाली, "बघ की, किती आवडलंय लोकांना!" लुएलानं मान हलवली. तो आठवडा तिचा फार चांगला गेला.

मग क्रॅन्डलनं तिला बोलावलं. टेबलावर पत्रांचा ढीग होता. तो रागावलेला नव्हता.

"चूक माझी," तो हलकेच म्हणाला. "किती भार टाकायचा तुमच्यावर? वय होतं, नजर दमते. पुढच्या चित्रांसाठी बॉस्टनहून एक तज्ज्ञ यायचे आहेत. तुम्ही आता विश्रांती घ्या."

नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. गावानंही हळहळ केली असती. पण नजर दमली हा शब्द तिला गिळवेना.

"माझ्या नजरेला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चाप दिसला होता मला."

"कधी?"

"तुम्ही कॉफी करायला गेलात तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"चेहरा एर्माचा होता म्हणून."

क्रॅन्डलनं हातातलं पत्र खाली ठेवलं. कपाळ, डोळे, मग तोंडाशी पडलेल्या रेघा. मॉडेलकडे पाहावं तसा तो तिच्याकडे पाहत राहिला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. लुएलानं मान ताठ ठेवली, अगदी स्थिर. त्यानं पेन्सिल उचलली नाही.