मी बसवलेला गालिचा नाही

मित्रांनो, मी एक जुनी पाणवनस्पती आहे आणि सध्या रागात आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कोणी "किती गोड हिरवं" म्हणत काचेला नाक लावायला नको.

माझी उंची तुमच्या करंगळीएवढी. पानं चमच्यासारखी, पण चमचा मुंगीच्या स्वयंपाकघरातला. फिश टँकच्या पुढच्या भागात, वाळूत मला लावतात. मी हळूहळू पसरते आणि तळ झाकते. या 'हळूहळू'मध्ये माझा सगळा जन्म आला. एकदा एका गोगलगायीने माझ्याशी शर्यत लावली. माझी वाट बघता बघता ती म्हातारी झाली, तिची नातवंडं काचेवर फिरायला लागली, तेव्हा मी दुसरं पान काढावं की नाही याचा विचार करत होते. खोटं वाटत असेल तर त्या नातवंडांना विचारा.

मी वाढले मासेवाल्याच्या दुकानात. म्हणजे खायचे मासे विकणारा नव्हे, बघायचे विकणारा. मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली एका उथळ ट्रेमध्ये माझी मुळं ओली आणि पानं हवेत असायची. मासेवाला शिट्टी वाजवत यायचा, पाणी फवारायचा आणि जायचा. मला कोणी घाई केली नाही. सुख म्हणतात ते तेच असावं.

मग एक जोडपं आलं. नवरा गालिचे बसवणारा. लोकांच्या घरांत आणि कचेऱ्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा ताणायचा, कोपरे कापायचे, कडा चिकटवायच्या, हा त्याचा धंदा. बायको दातांच्या कवळ्या बनवणारी, एकेक दात चिमट्याने उचलून मेणात उभा करणारी. त्यांच्या टँकमध्ये तिचा एक लाडका मासा होता. गांडुळासारखा लांब, अंगावर पट्टे, तोंडाभोवती मिशा, आणि दिवसभर वाळूत स्वतःला पुरून झोपायची सवय. ती त्याला मिशीकाका म्हणायची.

"तळाला काहीतरी हिरवं द्या," ती म्हणाली.

"हा गालिचा न्या," मासेवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, सगळा घोटाळा त्या एका शब्दाने केला. 'गालिचा' ऐकताच नवऱ्याचा हात खिशातल्या माप घ्यायच्या टेपकडे गेला.

"किती वेळात बसेल?"

"बसेल की, सावकाश. आधी जुनी पानं विरघळतील, घाबरू नका. फक्त मुळांना हात लावू नका."

"मला सांगता? मी जेवणाआधी अख्खा हॉल बसवून मोकळा होतो."

मला तिथेच ट्रेमधून उडी मारायची होती. पण माझ्या वेगाने मारली असती तर जमिनीवर पोचायला पुढचं वर्ष उजाडलं असतं.

घरी बायकोने चिमट्याने माझे बारीक बारीक झुबके करून वाळूत लावले. माझी हवेतली पानं पाण्यात विरघळली, नवीन यायला वेळ होता.

"मेलं हे," नवरा म्हणाला.

"राहू द्या हो. त्यांनी सांगितलंय ना."

राहू देणं त्याच्या रक्तात नव्हतं. दर रविवारी ती बाजारात गेली की हा बाह्या सरसावून टँकमध्ये हात घालायचा आणि मुळं धरली का ते बघायला मला उपटायचा. तुम्ही वाढताय का ते बघायला कोणी तुम्हाला रोज झोपेतून उचलून उलटं धरलं, तर तुम्ही वाढाल? मी जरा कुठे वाळूत पाय रोवला की हा म्हणणार, "इथे उजेड कमी पडतोय," आणि माझी बदली दुसऱ्या कोपऱ्यात. सरकारी नोकराच्या झाल्या नसतील इतक्या माझ्या बदल्या झाल्या. मी मनात त्याला काय काय म्हटलं ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

त्यात एकदा त्याचा थोरला भाऊ आला. तोही याच धंद्यातला. चहाचा कप घेऊन तो टँकसमोर वाकला.

"काय रे, जगाचे दिवाणखाने झाकतोस आणि स्वतःच्या घरात उघडा तळ?"

"वाढतोय तो, दादा."

"वाढतोय? गालिचा कधी वाढतो का? गालिचा बसवतात." दादा हसत हसत गेला. हा मात्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेल्यावर त्याने कुठल्याशा गच्चीच्या कामातून उरलेला प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा आणला. मापात कापला. माप बिनचूक होतं, ते मान्य करते. कडांना त्याच्या धंद्यात ज्याला सोल्यूशन म्हणतात तो उग्र गोंद फासला, तुकडा पाण्यात बुडवला, माझ्या डोक्यावर दाबून बसवला आणि वर दगड ठेवले. मग लांब उभा राहून बघितलं आणि खूश होऊन कामाला निघून गेला.

मिशीकाका त्या वेळी खाली वाळूत झोपले होते.

चटईखाली अंधार झाला. काका जागे झाले, वर यायला निघाले आणि डोकं आपटून परत खाली आले. त्या दिवशी, मित्रांनो, मी माझ्या चार खुरट्या देठांवर ती चटई तोलून धरली. दगडांसकट. हत्ती बसला असता तरी मी वाकले नसते, इतकी मी चिडले होते. चटई आणि वाळू यांच्यात बोटभर पोकळी राहिली. काका तिथे तोंड उघडत मिटत पडून राहिले.

संध्याकाळी नवरा परतला आणि पाठोपाठ बायको आली. बाकीचे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

"हे काय केलंत?"

"बसवून टाकला. बघ, एक सुरकुती नाही."

"काका कुठायत?"

"असतील दगडामागे."

"दगडामागे नाहीत." तिने चटईच्या कडेत चिमटा घातला.

"अगं, राहू दे. सोल्यूशन धरतंय, कड उचकटेल."

"कडेचं काय घेऊन बसलात? खाली जीव आहे."

तिने चटई ओढून काढली. माझ्या पिवळ्या देठांमध्ये काका पडले होते. मिशा हलत होत्या. नवऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्याने बादल्या आणल्या, पाणी बदललं, पुन्हा बदललं. काका अखेर पोहत फिल्टरमागे गेले, तेव्हा तो खाली बसला. मी वाकडीतिकडी झाले होते. सवयीने त्याचा हात मला नीट करायला पुढे आला.

"हात," बायको म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. तेव्हापासून टँकसमोर बसला की तो दोन्ही हात काखेत दाबून बसतो.

मग कोणी हात लावला नाही, म्हणून मी वाढले. माझ्या वेगाने. दादाचे केस पांढरे झाल्यावर तो पुन्हा टँकसमोर वाकला.

"वा. कधी बसवलास?"

"मी नाही बसवला. बसला तो, आपला आपण."

"तो कोपरा राहिलाय की."

नवऱ्याने टेपसाठी खिसा चाचपला, मग हात परत काखेत घातला. "राहू दे," तो म्हणाला.

मित्रांनो, ज्याला रुजायचं आहे त्याला उपटून बघू नका. रोप असो, नाहीतर वर्गातलं एखादं सावकाश वाचणारं पोर असो. आणि मी त्या माणसाला माफ केलं का, असं विचारू नका. राग कमी होतोय, पण तोही माझ्याच वेगाने. आत्ताशी त्याचं पहिलं पान गळलंय.