पत्त्यासकट आमंत्रण

चाळीस-चाळीस बायका यायच्या. कामाक्षीअम्मा मैलापूरला राहत होत्या तेव्हा नवरात्रात त्यांच्या कोलूपुढे, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे, सतरंजी कमी पडायची. दार उघडं दिसलं की बाई आत यायची, एखादं पद म्हणायची, हळदकुंकू आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन जायची. तू कोण, कुठली, असं विचारायची रीतच नव्हती. पेरुंगुडीच्या या सातव्या मजल्यावर गेल्या वर्षी तिघी आल्या. त्यांतली एक पाणी गळतंय म्हणून सांगायला आली होती.

यंदा घरात हरिप्रिया होती, त्यांच्या भावाची मुलगी. जूनमध्ये ती नवऱ्याच्या, चंद्रमौळीच्या, घरातून निसटून आली. त्यानं पिरगाळलेलं तिचं मनगट वाकडंच जुळलं होतं. माहेरी तो दोनदा शोधून गेला. विधवा म्हणून अम्मा लग्नाला गेल्या नव्हत्या, त्यामुळे ही आत्या त्याच्या हिशेबातच नव्हती.

वरच्या मजल्यावरचा तरुण नावाचा मुलगा एका नव्या कंपनीत होता. अम्मांना तो पाटी म्हणायचा, म्हणजे तमिळमध्ये आजी. त्यांच्या साइटचं नाव ‘तिण्णै’, म्हणजे ओसरी. लोक तिथं फोटो टाकत, बघणारे ते पुढे धाडत.

“पाटी, चार महिन्यांत दोन लाख माणसं आली आमच्या ओसरीवर!”

“आणि माझ्याकडे तीन.”

“मग टाकू कोलूचा फोटो?”

हरिप्रिया कामावर गेली होती. ती फोटोत नको, एवढं भान अम्मांना होतं. “टाक,” त्या म्हणाल्या. “आणि पत्ता घाल रे. पत्त्याशिवाय आमंत्रण कसलं?”

चौथ्या दिवशी चप्पल काढायला जागा उरली नाही.

“अत्ते, यांना कळलं कसं?” हरिप्रियेनं विचारलं.

“तरुणनं सांगितलं असेल चौघांना,” अम्मा म्हणाल्या आणि हरभऱ्यावर खोबरं पेरत राहिल्या. इतक्या वर्षांनी घर भरलं होतं.

रविवारी दुपारी एक बाई एकटीच आली. साठीची, हिऱ्याच्या कुड्या, बोलणं आपल्यातलंच, तंजावरकडचं. ती वरच्या पायरीकडे बघत राहिली. तिथं लाल चंदनाची नवरा-नवरीची जोडी होती. लग्नात आईनं दिलेली ही एवढी जोडीच हरिप्रियेनं पिशवीत घालून आणली होती.

“नवरीचं लुगडं सुरेख शिवलंय,” बाई म्हणाली.

“माझ्या भाचीनं शिवलंय,” अम्मा म्हणाल्या. कुंकू लावायला विधवेचा हात चालत नाही. त्यांनी आत हाक मारली, “हरी, कुंकू आण गं!”

हरिप्रिया करंडा घेऊन आली आणि दारातच थिजली.

“ये,” बाई म्हणाली. “सासूला कुंकू लाव. माझ्याच साडीचा तुकडा तो, फोटोत काठ ओळखला मी.”

हरिप्रियेनं कुंकू लावलं. वाकड्या मनगटाकडे सासूनं पाहिलं नाही. विड्याचं पान, नारळ पदरात घेतला आणि चपला घालताना म्हणाली, “संध्याकाळी चंद्रमौळीला घेऊन येते. त्यालाही कोलू बघायचाय.”

दार लागलं. हरिप्रिया पिशवी भरू लागली. पायरीवरून तिनं नवरी उचलली, नवऱ्याला हात लावला नाही.

“अय्यो, मला काय ठाऊक गं, त्या बाहुलीवरून...” अम्मा मागे मागे फिरत होत्या. “कुठं जाणार तू? फोन तरी करशील?”

“नाही, अत्ते.”

“मला नाही सांगणार? मला?”

“तुम्ही दार उघडं ठेवता,” ती म्हणाली. वाकून नमस्कार केला आणि जिन्यानं उतरून गेली.

दिवे लागले तशी घंटा वाजली. बाहेर बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी विचारत होतं, कोलूचं घर हेच ना? त्यांच्यात पुरुषाचा आवाज होता की नव्हता, अम्मांना नीट कळेना. त्यांनी कडी घातली. सुंडलाचं पातेलं मांडीशी घेऊन त्या बाहुल्यांपुढे बसून राहिल्या, आणि घंटा वाजत राहिली.