ओटीत आलेला फोन

मी फोन बोलतोय. नाही, कानाला लावू नका, पलीकडे कुणी नाही. आज मीच बोलतोय. आणि जे सांगायचंय त्याची मला लाज वाटते, म्हणून जरा हळूच बोलतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते देवासच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मला वीरेंद्रनं उचललं. तो पीथमपूरला कंपनीत कामाला. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी देवासला घरी यायचा. नवीन लग्न झालेलं. बायकोसाठी फोन घेताना चेहरा नुसता फुलला होता.

दुकानदार म्हणाला, "भिया, भाभी का लोकेशन भी आपके मोबाइल पे चालू कर दूं? टेंशन ही खतम."

"हां यार, कर दो."

माझ्या पडद्यावर प्रश्न उमटला : तुमचं ठिकाण या व्यक्तीला कायम दाखवायचं का? दुकानदारानं 'हो' दाबलं. जिचं ठिकाण, ती तेव्हा घरी सासूबरोबर मटार सोलत बसली होती. मला तर अजून कुणाचंच बोट ओळखीचं नव्हतं. दाबलं कुणी, हे मी विचारलं नाही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. राजाबाई, म्हणजे वीरेंद्रच्या आई, जुन्या दरबारी घराण्यातल्या. त्यांनी सुनेची ओटी भरली : तांदूळ, नारळ, खण, आणि वर मी, लाल फीत बांधून.

"आमच्या सासूबाई पाटल्या घालत. आता जमाना हा आहे, घ्या!" त्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

ओटीत आलेलं नाकारायचं नसतं. कृतिकानं पदर पसरला आणि मला कपाळाला लावलं. इतक्या मानानं घरात आलेला मी, आणि पोटात ते 'हो' घेऊन आलेलो.

कृतिकाचं माहेर धारचं. देवासला एका शाळेत शिकवायची. मला फार जपायची. तिची पर्स, तिच्या शाळेतलं टेबल, तिची उशी, माझं सगळं आयुष्य एवढ्यातच. वीरेंद्र सुरुवातीला रोज संध्याकाळी फोन करायचा.

"कुठे आहेस?"

"मंडीत. कार्ली घेतेय."

"पुन्हा कार्ली?"

"तुम्ही थोडेच खाणार आहात? तुम्ही बसा तिकडे समोसे खात."

किती वेळ चालायचं त्यांचं! माझी पाठ गरम व्हायची, पण बरं वाटायचं. पुढे पुढे ते फोन कमी झाले. वीरेंद्रला आता विचारायची गरज उरली नव्हती ना. त्याच्या पडद्यावर एक निळा ठिपका दिसायचा : शाळा, मंडी, घर. ठिपका घरी पोचला की तो निवांत झोपायचा. ठिपक्याला कसं वाटतंय, हे कुठे दिसतं?

शेजारच्या मेधाकाकू डोकावतात, हे सगळ्या गल्लीला माहीत. कुणाकडे कोण आलं, कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या, सगळी खबर त्यांना. पण डोकावताना त्यांची खिडकी तरी वाजते, त्या दिसतात तरी! कृतिका हात हलवून म्हणायची, "काय काकू, आज काय पाहिलंत?" आणि काकू ओशाळून हसायच्या. मी डोकावायचो तेव्हा काहीच वाजत नव्हतं. अधूनमधून एक बारीकशी सूचना मी वर दाखवी. पण तसल्या सूचना ढिगानं येतात, ती एका फटक्यात पुसून टाकी. 'मी सांगितलं होतं' असं मला म्हणता येईल. पण तसं सांगणं म्हणजे न सांगणंच.

या पावसाळ्यात ती एका बायकांच्या दवाखान्यात जाऊ लागली. पहिल्या खेपेला परत येताना रिक्षात एकटीच हसत होती. अंगठा पुन्हा पुन्हा वीरेंद्रच्या नावावर जाई आणि थांबे. मनाशीच म्हणाली, "शनिवारी समोरासमोर सांगेन." पण त्या शनिवारी कंपनीत जादा काम निघालं, तो आलाच नाही. आणि पुढच्या खेपेला, परत येताना, ती हसली नाही. फक्त मला छातीशी घट्ट धरून बसली. आत काय संपलं होतं ते मला कळलं. तिला हे आधी धारला जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगायचं होतं. मग वीरेंद्रला. तोंडानं, फोनवर नाही.

तेवढ्यात माझा ठिपका आपलं काम करून बसला होता. वीरेंद्रनं पीथमपुरात बसून दवाखाना पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आनंदानं आईला फोन केला. राजाबाईंनी लगोलग धारला विहीणबाईंना, म्हणजे जमुनाबाईंना, कळवलं. तिसऱ्या महिन्याच्या आत कुणाला सांगायचं नसतं, हे त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक. म्हणून त्यांनी चोर ओटी ठरवली. गाजावाजा न करता, घरातल्या घरात भरतात ना, ती.

त्या दिवशी कृतिका शाळेतून आली तर दिवाणखान्यात पाट मांडलेला. जमुनाबाई धारहून बसनं आलेल्या, मांडीवर बाग गावच्या छपाईची लाल साडी. वीरेंद्रची बहीण अल्पना कोर्टातून थेट आलेली, वकिलाचा काळा कोट अजून खांद्यावर. मेधाकाकू तर होत्याच.

"या सूनबाई, बसा पाटावर," राजाबाई म्हणाल्या.

"कसली ओटी, आईसाहेब?"

"आता आमच्यापासून काय लपवता! वीरेंद्रनं सांगितलं सगळं, दवाखान्याचं."

"त्यांना कुणी सांगितलं? मी तर..." ती आईकडे वळली. आईच्या चेहऱ्यावरचा आनंद तिनं पाहिला. "आई, ते राहिलं नाही गं."

मी तिच्या पर्समध्ये होतो. काळोखात. तांदळाचं ताट कुणीतरी जमिनीवर ठेवलं, तेवढा आवाज तिथूनही ऐकू आला. जमुनाबाई उठल्या आणि लेकीला जवळ घेतलं. मेधाकाकू निघून गेल्या. त्यांनी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. काकूंसाठी ही केवढी गोष्ट, ती गल्लीला विचारा.

मग अल्पना म्हणाली, "वहिनी, तुमचा फोन बघू? देता का?" विचारून घेतला मला. असं विचारणारी ती पहिलीच. तिनं माझ्यातली ती सूचना उघडून वाचली आणि भावाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"दादा, वहिनीच्या फोनचं लोकेशन तुझ्याकडे आहे. तिला विचारलं होतंस?"

"अगं, सेफ्टीसाठी केलं यार. दिवस कसे आहेत..."

"मी ते विचारलं नाही. तिला विचारलं होतंस?"

"नवरा आहे मी तिचा!"

"मग तिच्या नावाची सही करशील कोर्टात? चालेल? कायदा आपल्या दाराशी चपला काढून बाहेर थांबत नाही, दादा. उद्या कोर्ट काय म्हणेल ते म्हणेल, पण 'हो' म्हणायचा हक्क तिचा होता. तो तू दुकानात वापरून टाकलास."

वीरेंद्रनं एकदम विचारलं, "कृतिका, तू... तू बरी आहेस ना?"

"शनिवारी सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत. आता आलात की समोर सांगेन."

राजाबाई पाटाकडे बघत होत्या. "मीच ओटीत घातला तो. ओटीतलं परत करायचं नसतं, म्हणून बिचारीनं घेतला. आणि आम्ही समजलो, तिची काही हरकत नाही." त्यांनी स्वतःच्या हातानं पाट उचलला आणि भिंतीला उभा केला. जमुनाबाईंनी साडी मात्र लेकीच्या हातात दिली. "ही नेस गं. ओटीची नाही. नुसती माझ्याकडून."

अल्पना माझा ठिपका बंद करायला गेली, तर कृतिका म्हणाली, "द्या इकडे. मी करते." तिनं तो जुना प्रश्न उघडला, वाचला, सावकाश वाचला, आणि 'थांबवा' दाबलं. तो प्रश्न तिला विचारला गेला तो तेव्हा, पहिल्यांदा.

मी तसा अजून नवाच आहे. एका कोपऱ्याला बारीक तडा, बाकी ठीक. ती मला वापरते, पण पूर्वीसारखी उशीजवळ घेत नाही. मला वाईट वाटतं, पण तक्रार कुठल्या तोंडानं करू? तुमच्या घरात माझी भावंडं आहेत. ती जे विचारतात ते ज्याचं त्याला वाचू द्या. मुलगी असो, सून असो, म्हातारे वडील असोत. काळजी वाटते? तर तसं सांगा, विचारा. त्यांनी हो म्हटलं तर आम्ही आनंदानं वाट दाखवू. आम्हाला चोर करू नका.

काल संध्याकाळी ती लाल साडी नेसून बाहेर गेली. मला फडताळावर ठेवून. थोड्या वेळानं मी वाजलो. वीरेंद्र होता. राजाबाईंनी हात पुसत मला उचललं.

"आई? कृतिका कुठेय?"

"बाहेर गेलीय."

"कुठे पण?"

राजाबाईंनी खिडकीतून देवीच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. मला माहीत नव्हतं.

"आली की तिला विचार," त्या म्हणाल्या, आणि मला पुन्हा फडताळावर ठेवलं.