टाकीतलं शून्य

सोलापूरच्या बाहेर एका डिस्टिलरीत उसाची मळी आंबवायची टाकी रिकामी झाली, की कोंडीबा आत उतरून ती धुवायचा. वीस वर्षं हेच काम. टाकीत वायू उरला नाही ना, हे आधी बघायची जबाबदारी केमिस्ट देवयानीची. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जड असतो, तळाला बसून राहतो. ना रंग, ना वास. उतरलेला माणूस कोसळतो, तेव्हाच कळतं.

म्हणून ते मीटर. त्याची लांब नळी टाकीतली हवा ओढून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण त्या हवेतून आरपार जातो. हा वायू त्या किरणातला आपला वाटा गिळून बसतो. पलीकडे किरण जितका कमी पोचला तितका वायू जास्त, एवढं साधं गणित. फक्त आधी यंत्राला उघड्यावरची हवा दाखवून सांगावं लागतं, बाबा रे, याला शून्य म्हण.

त्या दिवशी मॅनेजर सुबोध सकाळपासून डोक्यावर बसला होता. "मॅडम, आटपा की! दुपारी टाकी भरायचीय." वेळ वाचावा म्हणून देवयानीनं नळी आधी टाकीत सोडली आणि मग शून्याचं बटण दाबलं. अहो, एवढीशी घाई, पण केवढी चूक! मीटरवर शून्य आलं.

"उतरा, कोंडीबामामा."

कमरेला पट्टा आणि दोर बांधून तो शिडीनं खाली गेला.

नळी वर घेऊन गुंडाळताना तिचं लक्ष मीटरकडे गेलं. उणे बारा टक्के. उघड्या हवेत उणे? यंत्रानं टाकीतल्या वायूलाच शून्य मानलं होतं.

"ओढा! वर ओढा त्यांना!"

दोघा कामगारांनी जीव खाऊन दोर खेचला. कोंडीबा वर आला तो मान टाकलेला, घामानं थबथबलेला. त्याला वाऱ्यावर निजवलं, ऑक्सिजन लावला. देवयानीला वाटलं, गेला हा माणूस, माझ्या हातानं गेला. मग त्यानं खोकून डोळे उघडले आणि तिला रडूच फुटलं.

"मशीन बिघडलं होतं, असं लिहा," सुबोध हळूच म्हणाला.

ती कोंडीबाच्या उशाशी बसली. "मशीन ठीक आहे, मामा. मी चुकले. आकडा खोटा होता, तो माझ्यामुळं."

त्यानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला.

"आकडा मला कुटं वाचता येतोय, बाई," तो म्हणाला. "मी तुमच्या तोंडाकडं बघून उतरलो."