कानशीने घासलेला बिल्ला

रविवारी चार वाजता गेझिनाने आलुबुखारचा केक कापला. पपांनी पहिला तुकडा इमकेच्या बशीत घातला. तिशी उलटली तरी गेझिनाचं लक्ष अजून अशा गोष्टींकडे जायचं.

"खा बाईसाहेब. काल पाच सेकंद राखून पळालीस."

जर्मनीतल्या त्या गावच्या मैदानावर क्रीडा-बिल्ल्याच्या चाचण्या पपाच घेत. धाकटी इमके दर उन्हाळ्यात धावून, पोहून, उडी मारून बिल्ला नव्याने मिळवायची, आणि तिच्या कागदावर पपांची सही व्हायची. गेझिना ग्रंथालयात काम करायची. तिच्या कशावरच पपांची सही नव्हती.

"तूही ये की गं," इमके म्हणाली. "पपा टेप जरा सैल धरतील."

"मी सैल धरत नसतो."

"सख्ख्या मुलीसाठीसुद्धा?"

"सख्ख्या मुलीसाठी तर मुळीच नाही."

दोघं हसली. गेझिना सुरी पुसत राहिली.

मग पपांनी खिशातून आपला एकोणीसशे त्रेचाळीस सालचा काशाचा बिल्ला काढला आणि इमकेच्या हातावर ठेवला. "ठेव तुला."

"खालच्या कडेला एवढं कशानं खरवडलंय?"

"जुना आहे," म्हणत पपांनी गेझिनाकडे पाहिलं. ती चौदा वर्षांची असताना त्यांनी कारण सांगितलं होतं, फक्त तिला. मैदान इमकेचं, आता बिल्लाही इमकेचा. एवढी एक गोष्ट तरी गेझिनाला वाटून घ्यायची नव्हती.

"मला काय माहीत," ती म्हणाली.

मंगळवारी लांब उडी मोजायला वाकलेले पपा पुन्हा उठले नाहीत.

दफनानंतर पाहुणे गेले. इमके अंगातला कोट न काढताच, बिल्ला हातात घेऊन स्वयंपाकघरात आली.

"क्लबातले म्हणतात, सत्तावन्नच्या कायद्यानंतर नाझी चिन्हाशिवायचा नवा बिल्ला मिळायला लागला. पपांनी का नाही घेतला? माझ्याशी कधी बोललेच नाहीत ते. नुसते सेकंद आणि सेंटिमीटर."

पुन्हा 'मला काय माहीत' म्हणणं सोपं होतं. गेझिनाने हातातली बशी खाली ठेवली.

"खरवडलंय तिथे ते चिन्ह होतं, नाझींचं स्वस्तिक. अठराव्या वर्षी पपांना बिल्ला मिळाला तेव्हा आजीला दाखवायला ते स्टेशनपासून धावत आले होते. युद्ध हरल्यावर इंग्रज शिपाई घरं तपासायला लागले. शेजारी आपापले बिल्ले वेझर नदीत टाकत होते, पपांनी कानस घेतली. घाईत कडेच्या नक्षीतली पानंही घासली गेली. नवा घेतला तर आपण त्या चिन्हावर किती खूश होतो ते विसरून जाऊ, म्हणाले."

"हे तुला सांगितलं त्यांनी?"

"हो. आणि रविवारी मी मुद्दाम माहीत नाही म्हणाले."

"का गं?"

गेझिना खुर्चीवर बसली.

"मला तुझा हेवा वाटतो, इमके. तू जन्मलीस तेव्हापासून. आत्ताही वाटतोय, तो बिल्ला तुझ्या हातात आहे म्हणून."