वस्तीत माणसं : एक

"एक? नीट वाचा सायेब. एक कसं आसंल?" त्रिंबक टेबलावर वाकला.

औरंगाबादच्या कचेरीतल्या अप्पाराव कारकुनानं फाईल त्याच्याकडं फिरवली. "हे बघ. बिरोबावस्ती, पाचोडच्या पुढं. पाहणीच्या दिवशी घरं बंद, वस्तीत माणसं एक. नियम पन्नासाचा आहे. एका माणसासाठी उन्हावर चालणारा पंप कोण बसवून देईल रे?"

मागं बाकड्यावर त्रिंबकाची आई बानाबाई बसली होती. ते एक माणूस म्हणजे तीच होती.

पोरगं दीड वर्ष हेलपाटे घालत होतं हो! वस्तीच्या बोअरला पाणी होतं, पण ते इतकं खोल की हातपंपाला येईना. अकरा घरांसाठी विजेचे खांब टाकायला कुणी तयार नव्हतं. पाचोडच्या बाजारात कुणीतरी या सौर पंपाचं कानावर घातलं आणि त्रिंबकानं ध्यास घेतला. ठराव ग्रामपंचायतीत, जागेचा दाखला तलाठ्याकडं, पाण्याचा दाखला पैठणला आणि फाईल औरंगाबादला. एक कागद हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. त्यात विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. कधी साहेब बंदोबस्ताला, कधी मोर्च्यानं रस्ता बंद. मोर्चेवाल्यांवर त्रिंबक कधी चिडला नाही. "ठराव हून कितीक वरसं झाली, आन अंमल नाय. त्यांचंबी आपल्यावानीच हाय," म्हणायचा.

तिकडं त्याची बायको सारजाबाई सातव्या महिन्यात दोन कोसांवरून हंडे वाहत होती. चार घरं कंटाळून औरंगाबादेत मुकुंदवाडीला गेली होती, कंपन्यांत कामाला. उरलेल्यांनी साफ सांगितलं होतं, या उन्हाळ्यात पंप आला तर ऱ्हातो, नाय तर आमीबी उठतो. ते उठले की बिरोबाला दिवा लावायला कोण उरणार होतं?

आणि माघात पाहणीची जीप आली. तेव्हा वस्ती दरवर्षीसारखी मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेली, दाराला बोराटीचे काटे लावून. गुडघे धरले म्हणून बानाबाई तेवढी मागं राहिली होती. जीपमधल्या साहेबानं खालीही न उतरता विचारलं, "किती माणसं राहतात इथं?"

आता धनगराच्या बाईला कुणी असं विचारावं का? मेंढरांचा आकडा तोंडानं सांगायचा नसतो, माणसांचा तर नाहीच नाही. मोजलं की दृष्ट लागते. आणि जीपवाल्यानं मोजलं की चराईचा दंड लागतो, हेही तिनं दोनदा भोगलेलं. तिनं सासूकडून शिकलेलंच उत्तर दिलं, "कोनी नाय बाबा. म्या एकलीच." जीप गेली. वस्ती वाचवली म्हणून ती दिवसभर मनात खूश होती.

"कोन्या मेल्यानं सांगितलं एक म्हनून?" त्रिंबक ओरडला. "माझ्यापुढं आना त्याला!"

"म्या सांगितलं," बानाबाई म्हणाली.

त्रिंबक आईकडं वळला. त्याला राग यावा असं तिला फार वाटत होतं, पण तो आलाच नाही. त्याचे खांदे पडले.

मग तो अप्पारावांनाच म्हणाला, "आमची येळ ग्रामशेवकाला ठावं हाय की. कवा जातो, कवा येतो. त्याला का नाय इचारलं? मतं मागाया येता तवा बरूबर सापडतो आमी! आन हे समदे कागद एकाच टेबलावर का नाय घेत तुमी?"

"खरं आहे तुझं," अप्पाराव खालच्या आवाजात म्हणाले. "एकाच ठिकाणी घेतले असते तर तुझा पंप गेल्या साली बसला असता. पण माझ्या हातात काय आहे बाबा? मंजूर वस्त्यांची यादी परवाच मुंबईला गेली."

बानाबाई बाकड्याची कड धरून उठली, टेबलाशी आली. उभ्या जन्मात केलं नव्हतं ते तिनं केलं.

"लिव्हा," ती म्हणाली. "माजा त्रिंबक. सारजा. शेजारचा कडूबा, त्याची बायकू, चार लेकरं. मल्हाररावाचं घर, नऊ जनं. राजाबाई आन तिच्या तिगी लेकी..." एकेका नावाला तिचा जीव कापत होता, जणू ती प्रत्येकाला उघड्यावर आणून उभं करत होती. तरी ती थांबली नाही. "मेंढरंबी सांगते. लपवत नाय काई. लिव्हा की वो सायेब!"

अप्पारावांनी पेनाचं टोपण काढलं, पण कागदावर पेन टेकवलं नाही. तिचं सगळं सांगून होईपर्यंत ते मान खाली घालून ऐकत राहिले. माणसं बावन्न झाली.

"आजी," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी नवा अर्ज करा."

फाटकाबाहेर आल्यावर त्रिंबकानं कागदांची पिशवी काखेत मारली. "आये, मुकुंदवाडीला खोली बगतो. तू, मी आन सारजी."

"आन बाकीची?"

"बाकीची आपापलं बगतील."

बानाबाई रस्त्याच्या कडेला तिथंच बसली. चैताचं ऊन नुसतं ओतत होतं. त्रिंबक तिला लिंबाच्या सावलीला ये, सावलीला ये म्हणत होता, आणि ती पदर डोक्यावर न घेता उन्हातच बसून राहिली.